ट्रॅकवरचा इंडिकेटर

कोइमतूर

बाबा,

नमस्कार करते. धंतोलीत डॉक्टरकडे जाऊन बीपी दाखवून आले ना?

काल क्लबच्या साध्या कारच्या शर्यतीत ओव्हरटेक करताना मी दर वेळी इंडिकेटर दिला. ट्रॅकवर असं कोणी करत नाही, क्लबचे सगळे हसले. पण लकडगंजच्या ट्रकांच्या गर्दीतून गाडी काढायले तुम्हीच शिकवलं, "आधी इंडिकेटर दे, मग वळ." सवय सुटते काय?

शेवटच्या फेरीत टायर फुटलं. इंडिकेटर देऊनच मी बाजूले झाली. मागच्या तिघायले लगेच समजलं, ते दुसरीकडून निघून गेले. मले फार काही झालं नाही. हात थोडा सुजला, म्हणून अक्षर वाकडं.

आता कोणी हसत नाही.

नंबर शेवटचा आला. आईनं विचारलं काहून, तर म्हणा, पोरगी अजून बाबाचं ऐकते.

तुमची,
मयुरा