बाळाचा झिजलेला पाय

रत्नागिरी, शनिवार, १२ डिसेंबर १९३१

शाळा सुटल्यावर रंगपेटी घेऊन ख्रिस्ती शेजारीण रोझाबाईंकडे गेलो. त्यांच्या पणजोबांनी गोव्याहून आणलेलं, फळीवर रंगवलेलं मेरी आणि बाळ येशूचं चित्र. इटलीतल्या कुठल्याशा चित्रशाळेत चारशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरासाठी केलेलं. चेहरा गुरूने रंगवलेला असणार, निळं वस्त्र शिष्यांनी. सही नाही, पण काय हात! मला जन्मात जमेल?

“मास्तर, बाळाच्या पायाचा रंग गेलाय, तेवढा भरा.”

“पायाचाच कसा गेला?”

“आई, आजी, पणजी रोज तिथंच ओठ टेकवायच्या.”

कुंचला भिजवला होता, पण हात पुढे होईना. त्या पायावर रंग चढवला, तर या बायकाच पुसल्या जातील ना?

“नाही जमणार,” म्हटलं. “फक्त अधूनमधून बघायला येऊ द्या.”

“या की,” बाई हसल्या, “पण चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.”