म्हणे तणावमुक्त!

मंगळवार, मिरज, हॉस्टेल

सकाळची वॉर्ड ड्युटी करून उपाशीच आलेल्या आम्हा नर्सिंगच्या पोरींना आज ताण घालवायला म्हणून हॉलमध्ये कोंबलं. पाहुण्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा, मनगटावर बोटं ठेवा, स्वतःची नाडी अनुभवा." झाडून सगळ्यांनी डोळे उघडून घड्याळात बघितलं. नाडी मोजायची सोडून अनुभवतात कशी, कधी शिकवलंय का?

शेजारची सुजाता, पलूसची, कुजबुजली, "लय पळतीया गं माझी." धरून बघितली. खरंच पळत होती. तसं आमच्या कॉलेजच्या मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "गप गं, फोटो काढायचाय. हसा!"

फोटो ग्रुपवर आलाय. खाली लिहिलंय, 'तणावमुक्त विद्यार्थिनी'. त्यात माझी बोटं सुजाताच्या मनगटावर आहेत. ती हसतीय.