कोबीचं पाणी

सोमवार, १६ जानेवारी. सकाळी ७.१०
रात्रभर बर्फ पडला. स्मोल्यानमधल्या सगळ्या शाळा शुक्रवारपर्यंत बंद. माझीही, कारण मी तिथे केमिस्ट्री शिकवतो. म्हणजे सलग पाच दिवस घरात, शांतपणे. अकरा वर्षं डोक्यात घोळत असलेलं ‘घरगुती रसायनशास्त्र’ हे पुस्तक आता लिहून होणारच. रोज चार पानं. वीस पानं झाली की पुस्तक आपसूक पुढे जातं.
रुम्याना नर्सेसच्या ट्रेनिंगसाठी प्लोव्दिवला गेली ती तिथेच अडकली. घाट बंद. फोनवर तिने तीन गोष्टी सांगितल्या. पोरांना वेळेवर जेवू घाल, ओले बूट रेडिएटरला लाव, आणि तळघरात मिठाच्या पाण्यात आंबायला ठेवलेला कोबी एक दिवसाआड हलव. म्हणजे पिंपाच्या तोटीतून बादलीभर खारं पाणी काढायचं आणि वरून परत ओतायचं, नाहीतर कोबी नासतो. परवा तिच्या वडिलांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण, घाट उघडला की रविवारी ते येणार, आणि आमच्या पिंपातल्या पानांत भात-खिमा गुंडाळून केलेल्या सारम्या खाल्ल्याशिवाय त्यांना नामदिन झाल्यासारखा वाटत नाही.
मी म्हटलं, एवढ्यासाठी फोन कशाला केलास.

सकाळी ९.००
पोरांचं टाइमटेबल केलं. दोन रंगांत. कालोयान (वय अकरा): गणित, वाचन, एक तास बाहेर. दारिना (वय सात): अक्षर, चित्रं, एक तास बाहेर. फ्रिजवर लावलं. मुलांना शिस्त आवडते, फक्त ती तसं बोलून दाखवत नाहीत.

९.०५
पोरं बाहेर. टाइमटेबलही बाहेर. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कालोयानने घसरगुंडीचा नकाशा काढलाय म्हणे.

संध्याकाळ
सात तासांनी परत आली. गाल लालभडक, मोजे निथळताहेत. दारिनाने विचारलं, बाबा, उद्या तू येशील? म्हटलं, चार पानं झाली की नक्की.
पानं: शून्य. पण शीर्षकाखाली रेघ मारली. कोबी: उद्या.

मंगळवार, १७ जानेवारी
घसरगुंडी बिल्डिंगमागच्या कचऱ्याच्या डब्यांपासून थेट आमच्या दारापर्यंत येते. पोरं खताच्या रिकाम्या पिशव्यांवर बसून खाली येतात. त्यांच्यात एक ल्युबेन. शेजारच्या जिन्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, म्युनिसिपालिटीची बस चालवतो. बस बंद, म्हणून हा चव्वेचाळीस वर्षांचा घोडा ट्रकच्या ट्यूबवर पालथा पडून येतो आणि पाठीवर दोन-दोन पोरं. त्यातलं एक माझं. पोरांना त्याच्यात काय दिसतं कळत नाही. बहुतेक ट्यूब.
जेवताना ल्युबेनकाकाचं नाव नऊ वेळा निघालं. मी केलेल्या राजम्याच्या सूपमध्ये पुदिना कमी आहे, असंही ल्युबेनकाका म्हणाला असता, असं दारिनाचं मत. मी सांगितलं, तुझ्या वयाचा असताना मीही स्लेजच्या शर्यतीत दुसरा आलो होतो. कालोयानने विचारलं, कितीजणांत? मी विषय बदलला.
सकाळी दारिनाने परत विचारलं होतं, आज येशील? मी ‘उद्या’ म्हणेपर्यंत ती जिन्यात पोचलीसुद्धा होती. थोडं लागलं.
पानं: शून्य. कोबी: उद्या.

बुधवार, १८ जानेवारी. दुपार
संत अतानासचा दिवस, म्हणजे सासऱ्यांचा नामदिन. आजपासून थंडी गाशा गुंडाळते असं जुनी माणसं म्हणतात. बाहेर उणे चौदा. सासऱ्यांना शुभेच्छांचा फोन केला. म्हणाले, “रविवारी कोबी खायला येतो, जावईबापू. जमलं तर तुम्हालाही भेटेन.”
मग त्सोन्का मावशी दारात. वय चौऱ्याहत्तर, बिल्डिंगच्या सेक्रेटरी. पाव आणायला निघाल्या तर दारातच पाय सरकला, दाराची कडी धरली म्हणून वाचल्या. “मास्तर, शिकलेले आहात, काहीतरी करा,” म्हणाल्या.
करतो. निव्वळ सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न आहे. ल्युबेनचा याच्याशी काही संबंध नाही.
घसरगुंडीवर मीठ टाकायचं. दुकानातलं मीठ संपलं. म्युनिसिपालिटीचा मिठाचा ट्रक सोमवारपासून येतोच आहे. घरातल्या बरणीत दोन चमचे. आणि तेवढ्यात सुचलं: तळघरात शंभर लिटरचं पिंप, गळ्यापर्यंत खारं पाणी! यालाच घरगुती रसायनशास्त्र म्हणतात. पहिल्या प्रकरणाचा विषय मिळाला.
कालोयान बूट काढत होता. त्याला बेत सांगितला. विचारतो, “बाबा, पण उणे चौदाला चालेल का ते?”
मी म्हटलं, “केमिस्ट्री कोण शिकवतं, तू की मी?”

संध्याकाळी ६.३०
पोरं कार्टून बघत होती. चार बादल्या ओतल्या. अर्धं पाणी अजून पिंपात आहे, कोबीला पुष्कळ झालं.
रुम्यानाचा फोन. कोबी हलवलास का? म्हटलं, हलवला. खोटं नाही. पाणी चांगलं शंभर मीटर हललं.

गुरुवार, १९ जानेवारी. सकाळी ८.१५
काच झालीये काच! पाणी जागेवर गोठलं आणि घसरगुंडी डब्यांपासून दारापर्यंत आरशासारखी. तीन बिल्डिंगची पोरं रांग लावून उभी. सगळ्या आवारात आंबट कोबीचा वास.
ल्युबेनने हातमोजा काढून माझ्याशी हस्तांदोलन केलं. “मास्तर, मानलं बुवा,” म्हणाला. त्सोन्का मावशी दुधाला म्हणून निघाल्या, वरच्या टोकाला पाय सरकून बसल्या आणि थेट दारात येऊन थांबल्या. डोक्याचा रुमाल सारखा करून म्हणाल्या की आपला नवरा जिवंत असताना आपण इतक्या जोरात कुठेच गेलो नव्हतो.
दारिना माझ्या पायाला बिलगली. “बाबा, तू आमच्यासाठी कोबीचं पाणी दिलंस?”
खरं सांगायला म्हणून तोंड उघडलं. बाहेर आलं, “हो.”
कालोयान माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही. गुणी मुलगा. दुपारी एक तास जास्त कार्टून मागितलं, दिलं.

शुक्रवार, २० जानेवारी
सकाळी पोरांचं शिष्टमंडळ दारात. घसरगुंडी झिजली, आणखी एक हात द्या. मुलांच्या विश्वासाला तडा जाऊ देणं शिक्षकाला शोभत नाही. उरलेलं पाणी दिलं. पिंप नळाच्या पाण्याने भरून टाकलं. कोबीला पाण्याशी मतलब, खारं की गोडं हा तपशील.
दारिना म्हणाली, आता तर तुझीच घसरगुंडी आहे, आता तरी ये. मी म्हटलं, रविवारी. पुस्तक ऐन रंगात आहे.
पुस्तक कुठल्याच रंगात नाही. मला पडायची भीती वाटते, आणि ल्युबेन बघत असतो. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

रविवार, २२ जानेवारी
घाट उघडला. रुम्याना आणि सासरे दुपारी पोचले. सारम्या करायला ती बसली तर पानं हातात येईनात, ओल्या वर्तमानपत्रासारखी फाटत होती. तरी जेमतेम पाच झाल्या. सासऱ्यांनी पहिला घास बराच वेळ चावला. मग म्हणाले, “हा कोबी आपल्या घरातला नाही.”
दारिनाने छाती फुगवून सांगितलं, बाबाने सगळं पाणी आमच्या घसरगुंडीला दिलं. म्हातारा उठला, खिडकीपाशी गेला, खाली पोरांचा गोंधळ बघत राहिला. परत येऊन म्हणाला, “माझ्या बापाने मला कधी असं काही दिलं नाही.” आणि उरलेल्या चारही सारम्या मुकाट्याने संपवल्या.
मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. बरंही वाटलं. दोन्ही.
भांडी घासताना रुम्याना हळूच म्हणाली, “मेतोदी, तू ते पाणी बर्फ वितळवायला ओतलंस ना?”
कालोयान फुटला की काय कोण जाणे. बहुधा नाही. तेरा वर्षांचा संसार आहे, तिला फुटायला कुणी लागत नाही.
“मी कुणाला सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण आज रविवार आहे, आणि पोरगी सकाळपासून बुटांत बसलीये.”
तोवर अंधार पडला होता. दारिनाला शब्द दिला: उद्या सकाळी, सव्वासातला, शाळेआधी. अगदी नक्की. तिने माझ्यासाठी एक पिशवी निवडून दाराशी ठेवली. सगळ्यांत नवीन, न फाटलेली.

सोमवार, २३ जानेवारी. सकाळी ७.४०
सहालाच उठलो. लग्नाच्या वर्षीची स्कीची पँट चढवली. चेन लागेना, वरून पट्टा बांधला. भीती वाटत नव्हती. खरंच नव्हती.
सव्वासातला तिघं खाली गेलो. थर्मामीटरवर उणे एक. छपरं पांढरी, गाड्या पांढऱ्या, डबे पांढरे, अख्खं आवार पांढरं. फक्त डब्यांपासून आमच्या दारापर्यंत काळाकुळीत ओला डांबरी रस्ता, त्याला कोबीचा वास.
कालोयान म्हणाला, “उणे एकला चालतं, बाबा.”
दारिना बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग माझ्या पँटकडे. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, तिची नीट चौकोनी घडी केली आणि दप्तरात ठेवली. कोपऱ्यावर हॉर्न वाजला, बस सुरू झाली होती. दोघंही ल्युबेनच्या बसमध्ये चढली. ती पुढे, त्याच्या मागच्या सीटवर बसली.
मिठाने बर्फ वितळतो, हे मी बुधवारीच सांगितलं होतं.