होकार येईपर्यंत उभे

टॅला, डब्लिन
५ फेब्रुवारी २०२६

चि. विलास यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू अदिस अबाबाला पोचल्याचं अनीशकडून कळलं, पण दोन शब्दांच्या निरोपाने माझं पोट भरत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू डबीत जपून ठेवतोस, तेव्हा आपली जुनी रीतच बरी. मी कागदावर लिहीन, तुझा लेक फोटो काढून धाडेल. तूही तसंच कर. अक्षर दिसलं की माणूस दिसतं.

इथे सगळं ग्रँड आहे. पाय मोडला तरी इथले लोक ग्रँडच म्हणतात. अनीशच्या राहण्याच्या कार्डाचं नूतनीकरण दहा आठवडे अडकलंय. ते हातात येईपर्यंत त्याला देश सोडता येत नाही, नाहीतर एकाहत्तराव्या वर्षी तुला एकट्याला साताऱ्याहून त्या परक्या गावी कशाला पाठवलं असतं? सकाळी ट्रामने ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात जातो, संध्याकाळी आला की आधी विचारतो, बाबांचं काही आलं का.

हिरुत मुलगी सोन्यासारखी आहे. गेल्या वर्षी अनीशकडे आले असताना दारातल्या बर्फावर घसरून मी मनगट मोडून घेतलं, तेव्हा हॉस्पिटलात प्लास्टर घालताना माझा दुसरा हात धरून बसलेली नर्स ती हीच. पुढे अनीश मला तपासणीला न्यायला एवढा तत्पर का झाला, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. दोघं इथे सह्या करून मोकळी होऊ शकतात, पण ती म्हणते, तिकडे अदिसला असलेल्या वडिलांचा होकार आल्याशिवाय लग्न नाही. मला हे आवडलं. शुभदा गेली तेव्हा अनीश चार वर्षांचा होता. आईवेगळ्या पोराला जेवूखाऊ मी घातलं, पण हे काम बापाचंच आहे.

तिच्याकडचं कुणी भेटायला आलं का? पेढे दिलेस का? आणि स्वेटर घाल.

लोभ आहेच, त्याच्या बदल्यात रोज चार ओळी याव्यात.
तुझी,
ताई

*

अदिस अबाबा
७ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेस्टहाउस स्वस्त आहे आणि स्वस्ताच्या मानाने चांगलं आहे. पत्र्याचं छप्पर, मधे अंगण, भोवती अकरा खोल्या. माझी खोली वर, बावीस पायऱ्यांवर. गाव जवळपास आठ हजार फूट उंचीवर आहे. मोजणी खात्यात अडतीस वर्षं डोंगर चढलो, पण इथे बाराव्या पायरीवर काहीतरी विसरल्याचं निमित्त करून थांबावं लागतं. गरम पाणी सकाळी अर्धा तास. नेट फक्त जिन्याखाली, म्हणून ही पत्रंही जिन्याखालून निघतात.

मालकीण अल्माझबाई साठीच्या आहेत, इंग्रजी कामापुरतं बोलतात. अंगणात शेगडीवर कॉफीचे दाणे भाजून कुटतात आणि त्याच भुकटीवर तीनदा कॉफी करतात. तिसरा कप घेतल्याशिवाय उठायचं नाही, असा इथला कायदा. जेवायला आंबोळीसारखी, पण परातीएवढी आणि आंबट पोळी. सवय होईल.

मी रोज नऊला कोट घालून अंगणात बसतो. टेबलावर कंदी पेढ्यांचा डबा. अनीशने माझा इथला पत्ता मुलीच्या वडिलांना, ताद्देसे यांना, कळवला आहे. त्यांचं घर अर्ध्या तासावर आहे म्हणे. अजून कुणी आलेलं नाही. आपण मुलाकडचे. आपण होऊन त्यांच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही. ते येतील, रीतसर बोलावतील, मग जाऊ. अल्माझबाई रोज संध्याकाळी विचारतात, गेलात का. चौकस बाई आहेत.

कृपा असावी, काळजी नसावी.
तुझा,
विलास

*

अदिस अबाबा
१० फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सातवा दिवस. कुणी आलं नाही, निरोप नाही. काल अंगणात एक म्हातारे गृहस्थ शिरले म्हणून मी उठून कोटाची बटणं लावली, तर ते गॅसची टाकी द्यायला आलेले. गेस्टहाउसातली सगळी माणसं आता मला ओळखतात. सायकलवर जग हिंडणारा एक जर्मन आहे, तो रोज डब्याकडे बघतो आणि नजर चुकवतो.

माणसाने किती दिवस नटून बसावं? नकारच द्यायचा तर तोंडावर द्यावा. माझं तिकीट सोमवारचं आहे, ते बदलून गुरुवारचं घेतो. अनीशला तू समजाव. माझ्याच्याने होणार नाही.

आपला लोभ माझ्यावर आहे, तोच पुरे.
विलास

*

टॅला
१० फेब्रुवारी, दुपार

चि. विलास, आशीर्वाद.

तिकिटाला हात लावू नकोस. आधी हे वाच, मग रागाव.

हिरुत ड्यूटी संपवून थेट आपल्याकडे आली. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, त्यातून मी कप काढत होते, तर मागे ही ओट्याला टेकून मुकाट्याने रडत होती. तिच्या आईचा फोन आला होता. वडील म्हणतायत, मुलाचा बाप सात दिवस गावात राहिला आणि आमच्या दाराकडे फिरकला नाही, एवढी हलकी वाटली का माझी मुलगी.

विलास, त्यांच्यात मुलाकडच्यांनी जायचं असतं. तीन वडीलधारी माणसं पाठवायची. त्यांनी मुलीच्या घरी जाऊन उभं राहायचं. बसा म्हटलं तरी बसायचं नाही, मागणं सांगून उत्तर मिळेपर्यंत उभंच. पहिल्या खेपेला बहुधा होकार मिळत नाही, मग पुन्हा जायचं. मुलीने या बोलण्यात तोंड घालायचं नाही, म्हणून ही गप्प. अनीशने तिला सांगितलं बाबा जातायत, तिला वाटलं सगळं जाणून जातायत. म्हणजे तू कोट घालून त्यांची वाट बघतोयस आणि ते दार उघडं ठेवून तुझी.

एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या एका घरचे ज्येष्ठ हिरुतसाठी दोनदा येऊन गेलेत. सोमवारपासून तिकडे ईस्टरआधीचे पंचावन्न दिवसांचे उपास लागतात, त्यात लग्नाची बोलणी करत नाहीत. रविवारी संध्याकाळपर्यंत तिचे वडील कुणाला तरी शब्द देणार. वडिलांचा शब्द गेला की ती मोडणार नाही, आणि आपला अनीश कसा आहे ते मी तुला सांगायला नको.

अल्माझबाईंना विचार. त्या चौकस नाहीत, शहाण्या आहेत. आजच जा.
ताई

*

अदिस अबाबा
११ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अल्माझबाईंना विचारलं. तू लिहितेस तसंच आहे. त्या तर सोबत माणसंही द्यायला तयार आहेत. त्यांना वाटत होतं, भारतात हे काम आठवड्याने करत असतील.

तरी मी जाणार नाही. का, ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

तुझ्या लग्नासाठी अण्णा सात ठिकाणी गेले. प्रत्येक वेळी मी बरोबर होतो, मॅट्रिकला होतो तेव्हा. तुला वाटत असेल आमचं तिथे आगतस्वागत व्हायचं. ताई, सातही ठिकाणी अण्णांना ओसरीवर उभं ठेवलं. पत्रिका उभ्या उभ्या घेतली, उभ्या उभ्या परत केली. घोंगडी टाकली नाही, पाणी विचारलं नाही. निघताना अण्णा मला सांगायचे, घरी म्हणायचं पोहे केले होते. सात वेळा पोहे झाले.

आठव्या ठिकाणी भाऊजींच्या वडिलांनी आत बोलावलं, म्हणून तुझं लग्न झालं. पण मी तेव्हाच मनाशी ठरवलं, आपल्या घरातला कुणी पुन्हा कुणाच्या दारात मागत उभा राहणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपण मुलाकडचे झालो, आणि तू म्हणतेस जाऊन उभा राहा.

तू हट्ट करू नयेस एवढीच विनंती.
विलास

*

टॅला
११ फेब्रुवारी २०२६

चि. विलास यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी सातवीनंतर शाळेत गेले नाही, पण एवढं मला तेव्हाही समजत होतं. पोहे खाऊन आलेला माणूस घरी आल्या आल्या भाकरीची टोपली उघडत नाही. अण्णा उघडायचे. आई आणि मी मुद्दाम विचारायचो, पोह्यांत शेंगदाणे होते का. अण्णा म्हणायचे, होते. त्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही विचारायचो आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून ते सांगायचे. तू एकटाच समजत होतास की हे गुपित आहे.

आता माझं ऐक. अण्णा उभे राहिले याची मला कधी लाज वाटली नाही. सासरी वाईट दिवस आले, तेव्हा मी स्वतःला हेच सांगायची, माझ्यासाठी एक माणूस सात दारांत उभा राहिलाय, मी काही वाटेवर पडलेली नाही. कमीपणा अण्णांचा नव्हता, ज्यांनी बसा म्हटलं नाही त्यांचा होता. या लोकांत तर बसा म्हणतात, आणि आपण बसायचं नाही. केवढा फरक आहे, मोजणीवाल्याला तरी कळावा.

अनीश दोन दिवस धड जेवलेला नाही. मला सांगतो ऑफिसात खाल्लं. हे सुद्धा पोहेच.

जा, बाळा.
ताई

*

अदिस अबाबा
१३ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गेलो. मी, अल्माझबाईंचे दीर आणि गेस्टहाउसमागच्या चर्चमधले एक वृद्ध धर्मगुरू. दीर निवृत्त शाळामास्तर आहेत, इंग्रजी उत्तम, दुभाषाचं काम त्यांनी केलं. कानातलं यंत्र मी घातलं होतं.

घर चढावर आहे. शेवटचे दोनशे फूट गाडी जात नाही. चढाच्या पायथ्याशी दुसरी एक गाडी उभी होती. मास्तर हळूच म्हणाले, ते त्या दुसऱ्या घरचे. त्यांचं आटपेपर्यंत आम्ही फाटकाबाहेर थांबलो. ते हसत बाहेर पडले.

ताद्देसे माझ्याच वयाचे, गुडघ्याने अधू, हातात काठी. त्यांनी बसा म्हटलं. आम्ही बसलो नाही. धर्मगुरूंनी मागणं घातलं. ताद्देसे एवढंच म्हणाले की मुलाच्या बापाला यायला आठ दिवस लागले, आम्हालाही विचार करायला वेळ लागेल. पेढ्यांचा डबा घेतला नाही. पंचेचाळीस मिनिटं उभा होतो. उतरताना मास्तरांनी दंड धरला.

रविवारी दुपारी पुन्हा जायचं म्हणतात.
तुझा,
विलास

*

टॅला
१४ फेब्रुवारी २०२६

चि. विलास, आशीर्वाद.

तू लिहिलं नाहीस ते तुझ्या अक्षराने सांगितलं. ओळी खाली उतरायला लागल्यात. पंचेचाळीस मिनिटं उभं राहून छातीत काही झालं का, खरं सांग. हिरुतला विचारलं, तर ती पांढरीफटक पडली. तुझी नाडी मोजून घे म्हणते, आणि डोकं हलकं झालं तर वडिलांना काय वाटायचं ते वाटो, बाबांनी बसायचं. तिने मला हे तीनदा बजावलं. बसलास तर मागणं मागे घेतल्यासारखं होईल ना, असं मी विचारलं. ती नुसता माझा हात धरून बसली.

त्या दिवशी मी तुला जा म्हटलं. आज मला ते म्हणवत नाही. उद्या तुझं तू ठरव. अनीशही हेच म्हणतो, आणि त्याचा आवाज ऐकवत नाही. दिवसभर खिडकीशी बसून आहे, बाहेर शेजारची मुलं पावसात चेंडू खेळतायत.

काही झालं तरी तुझ्यावरचा लोभ तसूभर कमी होणार नाही, हे ध्यानात असू दे.
ताई

*

अदिस अबाबा
१५ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

दुपारी तिघंही गेलो. चढावर मी चार वेळा थांबलो. आत ताद्देसे, त्यांची पत्नी, त्यांची म्हातारी आई आणि दोन भाऊ. उद्यापासून उपास, म्हणून घरभर मटणाचा वास. बसा म्हटलं, आम्ही उभे राहिलो. अर्ध्या तासाने मी मास्तरांच्या खांद्याचा आधार घेतला. समोर खुर्ची होती. साधी लाकडी, वेताची बैठक. मी तिच्याकडे बघितलं नाही.

ताद्देसेंनी मास्तरांमार्फत विचारलं, आठ दिवस का लावले. रीत माहीत नव्हती असं सांगायचं आमचं ठरलं होतं आणि ते खरंही होतं. पण ताई, माझ्या तोंडून दुसरंच आलं. मी म्हणालो, बहिणीच्या लग्नासाठी माझे वडील सात दारांत उभे राहिले, त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. म्हणून मी वाट बघत होतो की या वेळी कुणीतरी मला बोलवावं. चूक माझी आहे, मुलाची नाही. मास्तरांनी हे सांगायला बराच वेळ घेतला.

मग ताद्देसे काठी टेकून उठले. उठायला त्यांना त्रास होतो. यजमानाने उठायचं नसतं, म्हणून भाऊ पुढे झाले, पण ताद्देसेंनी त्यांना हाताने थांबवलं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आम्ही दोन म्हातारे असे किती वेळ समोरासमोर उभे होतो, मी मोजलं नाही. मग ते म्हणाले आणि मास्तरांनी मला सांगितलं, "मुलगी दिली. आता बसा. आणि तुमच्या वडिलांनाही बसायला सांगा."

मग मी बसलो.

पेढ्यांचं ऐक. उद्यापासून त्यांना दूधदुभतं वर्ज्य. म्हातारीने डबा मांडीवर घेतला आणि सगळ्यांना फर्मान सोडलं की आजच संपले पाहिजेत. सगळ्यांनी खाल्ले, धर्मगुरूंनी तीन. शेवटचा एक उरला तो तिने कागदात बांधून माझ्या हातात ठेवला. मास्तरांकरवी विचारलं, ती बहीण कुठे असते. मी सांगितलं. म्हणाली, हा तिचा.

तो इथे टेबलावर आहे. उद्या निघतो. तू मे महिन्यात परत येशील तोवर टिकणार नाही, म्हणून विमानतळावर मी तो खाईन आणि तुला कळवीन की पोह्यांत शेंगदाणे होते.

नाडी ठीक आहे. अनीशला जेवायला सांग.

तुझ्या आशीर्वादात बसलेला,
विलास