गिनीपिग लावू नये, असं कुणी सांगितलं होतं?

रिओबांबा, रविवार

वडीलधाऱ्या वॉशिंग्टनमामांना, मुक्काम ग्वामोते,

फाउस्तोचा वाकून नमस्कार. (वाकलोय लांबूनच. जवळ असतो तर पाठीत धपाटा बसला असता, हे मला ठाऊक आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मेंढ्या बऱ्या आहेत ना? इकडे आईची प्रकृती उत्तम, म्हणजे ती माझ्याशी बोलत नाही. फोन सोडून पत्र लिहितोय याचं कारण तुम्हीच. माझा आवाज ऐकला की "शेतकी कॉलेजात परत जा" एवढं बोलून तुम्ही फोन आपटता. पत्राला असं मध्येच आपटता येत नाही. (येतं, पण आपटू नका.)

आईनं कळवलंच असेल की फाउस्तोनं दवाखान्यात तमाशा केला आणि सामीचा इलाज घालवला. तमाशा केला हे खरं आहे. इलाज मात्र मी घालवला नाही. तो कुणी घालवला ते पुढे येईल, आणि ते वाचताना कृपा करून बसून घ्या.

सामीला तुम्ही बाप्तिस्म्याला पाहिलंत तेव्हा ती लोण्याचा गोळा होती. आता नार्सिसाताईची ही लेक चार वर्षांची झाली, आणि कोपराच्या वळ्यांत, गुडघ्यांमागे, मानेवर तिची कातडी म्हणजे आटलेल्या ओढ्याचा तळ. इसब. पोरगी रात्रभर खाजवते, स्वतः झोपत नाही आणि घरालाही झोपू देत नाही. ताईनं हातांत मोजे घातले तर तिनं ते दातांनी ओढून काढले. गल्लीत ज्याला विचारावं त्याच्याकडे औषध तयार. एक म्हणाली जवाच्या पिठाचं पाणी, दुसरी म्हणाली निळ्या साबणाची वडी घेऊन खसाखसा घासा. घासलं. पोरीची किंकाळी चिंबोरासोच्या शिखरावर ऐकू गेली असेल.

शेवटी मीच तिला कातडीच्या दवाखान्यात नेलं. (कॉलेज सोडलेल्या माणसाला वेळ असतो, हा एक फायदा कुणी लक्षात घेत नाही.) तिथल्या डॉक्टर बुस्तोसबाईंनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. मामा, आपल्या कातडीवर वस्ती असते. तुमच्या अंगावरही, आत्ता, हे वाचताना. लाखो जंतू, आणि बहुतेक सगळे सज्जन. सामीच्या कोपरात मात्र सोनेरी नावाच्या एका घराण्यानं (स्टॅफिलोकोकस ऑरियस, पाठ केलंय, का ते सांगतो) सगळी जागा बळकावली आहे आणि सज्जन मंडळी परागंदा झाली आहेत. बाईंचा प्रयोग असा, की निरोगी माणसाच्या कातडीवरचे भले जंतू घ्यायचे, वाढवायचे आणि पाण्यातून पोरीच्या कोपरावर फवारायचे. उपयोग होईल का, असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. तेच तर बघायचंय." मामा, कॉलेजात एकाही मास्तरानं मला कधी "ठाऊक नाही" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी टिकलो असतो.

आता पाठांतराचं कारण. तिथे नमुने घ्यायला मिरेया म्हणून एक मुलगी आहे, ग्वायाकिलची. समुद्रकाठची माणसं किती भराभरा बोलतात तुम्हाला माहीतच आहे, पण हिनं सामीच्या कोपरावर कापसाची काडी इतकी हळू फिरवली की पोरगी रडायचंच विसरली. मग काचेच्या ताटलीत उगवलेले पिवळे ठिपके तिनं मला दाखवले. मी ठिपके पाहिले असं ती समजते. दुसऱ्या दिवशी मी माझा दंड पुढे केला: माझे जंतू घ्या, हवे तितके घ्या, सामीसाठी. जाण्याआधी सुगंधी साबणानं तीनदा अंघोळ केली होती, मामा, खांदा ते मनगट तर घासून लाल. निकालाच्या दिवशी मिरेयानं ताटली उजेडात धरली आणि विचारलं, "हे काय रे? दोन ठिपके? तू अंघोळीला फिनाईल वापरतोस का?" सगळा दवाखाना हसला. सामीसुद्धा हसली, आणि तिला तर फिनाईल म्हणजे काय हेही माहीत नाही.

असो. फवारणीआधी पंधरवडाभर पथ्य होतं. दवाखान्याचं मलम सोडून अंगाला काही लावायचं नाही. साबण नाही, तेल नाही, पाला नाही. आईसमोर बाईंनी दोनदा सांगितलं आणि आईनं दोनदा मान हलवली. पंधरवडा संपल्यावर आई, सामी आणि मी परत गेलो, नमुना दिला, आणि निकालाला बोलावलं तेव्हा बाईंच्या कपाळावर आठी. म्हणाल्या, "हे जंतू माणसाच्या अंगावर आम्हाला सहसा सापडत नाहीत. एकतर आमची ताटली बिघडली, नाहीतर घरी काहीतरी लावलंय. असं असेल तर पोरीला प्रयोगात ठेवता येणार नाही."

ठेवता येणार नाही! मामा, माझं डोकं तुम्हाला माहीत आहे (तुमच्याच बाजूनं आलंय). मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, आमच्या घरात सगळे पथ्य पाळतात, घाण तुमच्याच हातांना असेल, काड्या फिरवणाऱ्यांनी आधी आपले हात धुवावेत! बोलून झाल्यावर लक्षात आलं की काड्या मिरेया फिरवते. तिचा चेहरा उतरला. धरणी दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं वाटलं.

आणि नेमकी तेव्हाच सामी म्हणाली, "काळ्या गिनीपिगानं मला गुदगुल्या केल्या. मग त्रान्सितो आजीनं त्याचं पोट फाडलं."

आईनं शाल सावरली आणि सरळ बाईंकडे बघून म्हणाली, "साबण नको म्हणालात, तेल नको म्हणालात, पाला नको म्हणालात. गिनीपिग लावू नये, असं कुणी सांगितलं होतं?"

आपल्या कुणाच्या घरी विचारा, गिनीपिग फिरवणं याला लावणं म्हणतात का? मिरेयाला मात्र काही कळेना. मीच समजावलं, की गल्लीतल्या त्रान्सितो आजीसारख्या जाणत्या म्हाताऱ्या जिवंत गिनीपिग पोराच्या डोक्यापासून पायापर्यंत घासतात, तो आजार ओढून घेतो आणि मरतो, मग पोट फाडून आजार कुठे आहे ते बघतात. मला वाटलं ती आता मला रानटी म्हणणार. पण तिचे डोळे मोठे झाले. तिनं आईलाच विचारलं, "मग आत काय दिसलं, मावशी?"

"काळजावर डाग."

"केवढा?"

"मसुराएवढा."

"आणि गिनीपिग कुठे आहे?"

"पुरला. आजार ओढलेला गिनीपिग कुणी ठेवतं का घरात!"

"अरेरे," मिरेया म्हणाली, "त्याच्या केसांवरून एक काडी तरी फिरवली असती." मामा, मला ती जास्तच आवडली. तेवढ्यात ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू, डोंगरातल्या, तुझं डोकं आमच्या जंतू उबवायच्या पेटीपेक्षा तापतं. हात मी धुतले होते." मी माफी मागितली. तिनं ती अजून तपासायला ठेवली आहे.

बुस्तोसबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सामीचे कोपर बघितले. जिथे जनावर घासलं होतं तिथे चट्टे आणखी लाल झाले होते. त्या म्हणाल्या, पुन्हा पंधरवडा नीट पाळलात तर पोरीला घेईन, पण घरातल्या कुणा वडीलधाऱ्यानं येऊन शब्द द्यायला हवा. आई म्हणाली, मी आहे की वडीलधारी. बाई म्हणाल्या, तुम्ही सोडून.

आता इकडची स्थिती अशी: त्रान्सितो आजीचं म्हणणं आहे की पहिल्या गिनीपिगानं आजार अर्धाच ओढला. येत्या शुक्रवारी दुसरा फिरवायचा ठरलाय. ताई रडते. आई ऐकत नाही. मी ओरडलो तर आई म्हणाली, "शेतकी अर्धवट सोडलीस, आता डॉक्टरकी शिकवतोस होय?" सामी खाजवते आहे.

बाकी सर्व कुशल. माझं काही मागणं नाही, सहज खुशाली कळावी म्हणून लिहिलं. मामींना आठवण सांगा, मेंढ्यांनाही.

तुमचा भाचा,
फाउस्तो

ता. क. पहिला काळा गिनीपिग बुटांच्या खोक्यात घालून, बसच्या कंडक्टरबरोबर, "सामीसाठी" म्हणून कुणी पाठवला होता, हे मी दवाखान्यात बोललो नाही. तुमचा मान राखला. आता तुम्ही माझा राखा. दुसरा पाठवू नका. शुक्रवारच्या आत स्वतः या. आई सगळ्या जगाशी भांडते, पण तुम्ही "पुरे, बहिणी" म्हणालात की गप्प बसते, हे मी लहानपणापासून बघतोय. तेवढे दोनच शब्द हवे आहेत. सामीची झोप त्यावर अडली आहे.

ता. क. २. आलाच आहात तर दंड दाखवायलाही चला. बाईंना या उंचीवर राहणारा, तब्येतीनं दणकट आणि साबणाच्या फारसा नादी न लागणारा माणूस जंतूंसाठी हवा आहे. मी तुमचं नाव फार अभिमानानं सांगितलं. काडी मिरेया फिरवेल. त्या वेळी सहज बोलता बोलता, भाचा मनानं चांगला आहे, एवढं म्हणा. आणि मामा, येईपर्यंत अंघोळ करू नका. (मामींनी सक्ती केली तर हे पत्र दाखवा.)

ता. क. ३. सामी माझ्या कोपराशी बसून माझ्याकडून हे वाचून घेतेय. विचारते, मामाआजोबांचे जंतू आपल्याकडे राहायला आले तर तेही रात्री घोरतील का? मी म्हटलं, ठाऊक नाही. ती म्हणाली, घोरू देत, पण मला झोपू द्यावं.