फलाटावरची हाक

कारभारी, पाया पडते.

मंगळवारी तुमची पलटनीची गाडी घाट उतरायच्या आदी लोनावळ्याला थांबली. मामंजी तुमाला हुडकत इंजिनाकडं गेले, आन मला समोरच्या खिडकीत तुमची पाठ दिसली.

फलाटावर एकजन पेपर वाचत व्हता. जपान मलायात उतरला, मॉस्कोपाशी बर्फात लढाई, आफ्रिकेत वाळूत. यातलं तुमच्या वाट्याला कुटलं, कुनाला ठावं न्हाई. सारी मानसं जगाची नावं मोठ्यांदा घेत व्हती. मला एकच घ्यायचं व्हतं, पर गावादेखत नवऱ्याचं नाव कसं घेऊ? ‘अवो’ म्हनले, तर धा शिपायांनी वळून पाह्यलं. तुमी न्हाई. गाडी सुटली.

माझी पत्रं मामंजी वाचूनच टपालात टाकतात, म्हनून हे धाडत न्हाई. आता गोठ्यात एकलीच हाक मारते, ‘कोंडाजी’. म्हस वळून बघती.

तुमची,
झुंबर