त्याच्या आधी काय झालं?

अहेरी,
१८ जानेवारी १९८७

प्रिय कमळा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस, आधी सगळं ऐक.

भद्रावतीच्या कॉलनीत तुझ्या दादाने विलायतेहून आणलेला तो खेळ आठवतो? एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आपण काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. तो मी इथे सुरू केला, यांच्यासाठी. मागच्या चैत्रात अस्वलाने यांच्या जोडीदाराचा, लटारूभाऊंचा जीव घेतला, तेव्हा जंगलाच्या गस्तीवर हेच त्यांच्यासोबत होते. त्यानंतर हे कामावर जात, घरी येत. बोलणं मात्र संपलं. भाद्रपदात मुलगी झाली, तिलाही यांनी उचललं नाही.

फासे माझ्याकडे नव्हते, आणि शेजारच्या केसरबाईंना नियमांचा कंटाळा. म्हणून मी खेळच उलटा केला. शेवट आधी सांगायचा, मग प्रत्येकाने त्याच्या आधी काय झालं तेवढंच जोडायचं. पहिल्या दिवशी केसरबाईंनी एका म्हाताऱ्या राणीला मागे नेत नेत पार पाळण्यात घातलं. हे खाटेवर बसून नुसते ऐकत. चौथ्या रविवारी मी शेवट दिला, की दोन मित्र रानात गेले होते, ते सुखरूप घरी आले.

"दोघं नाई आले. एकच आला," हे म्हणाले.

केसरबाई तांदूळ निवडता निवडता खेळाच्या रीतीने विचारत गेल्या, त्याच्या आधी काय झालं म्हणून. एकटा आला, कारण तो पळाला, हे म्हणाले. त्याच्या आधी अस्वल दुसऱ्यावर तुटून पडलं होतं. इथे हे थांबले. इतके महिने मनातल्या मनात ते इथेच थांबत असावेत. केसरबाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा हे बोलले.

"त्याच्या आधी लटारू ओरडला मले. पळ म्हने, तुले लेकरू होनार हाय."

मग हे रडले, कमळा. केसरबाई सूप ठेवून गुपचूप उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही लटारूभाऊंच्या बायकोकडे, गुणाबाईंकडे गेलो. यांनी सगळं सांगितलं, पळालो तेसुद्धा. ती ऐकून घेईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. ती एवढंच म्हणाली, "देवाजीभाऊ, त्यायचं आखरीचं बोलनं मले आजवरी कोनी सांगतलं नव्हतं. बरं केलं आले." आणि तिने चहा टाकला.

दिवाळीत मी तुला लिहिलं होतं, की आता सोसवत नाही, मुलीला घेऊन कायमची निघून येते. तू लगेच मागची खोली रिकामी करून ठेवलीस, एक शब्द विचारला नाहीस. ती खोली आता खुशाल भाड्याने दे. मी येईन, पण चार दिवसांची पाहुणी म्हणून. मुलगी यांच्या कडेवर असेल.

तुझीच,
आता निवांत असलेली
सुगंधा